माळ्यावरची बुरकुंडं

ती गेल्याचं मला कळलं तेव्हा इंजिन चालू होतं.

सकाळची वेळ होती. शेडमध्ये मी स्टुलावर उभा राहून लोखंडी गजानं भट्टीतली बुरकुंडं खाली सारत होतो. मक्याचे दाणे काढून घेतले की कणसाचं आतलं लाकडासारखं जे उरतं, ते बुरकुंड. आमची भट्टी त्यावर चालते. सून दारात आली. हातात फोन होता. ती काहीतरी बोलली, पण इंजिनाच्या धडधडीत मला ऐकू आलं नाही. मला वाटलं चहाचं विचारते आहे. मी मानेनंच नको म्हटलं. ती पुन्हा बोलली. मी हात वर करून थांब म्हणालो आणि पुन्हा गज खुपसला.

मग ती आत आली. सरळ इंजिनापाशी गेली आणि लाल बटण दाबलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या यंत्राला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिला त्याची भीती वाटायची. इंजिन दोन आचके देऊन थांबलं. पंखा हळू होत होत थांबला. इतकं शांत झालं की पत्र्यावरचे थेंब ऐकू यायला लागले.

"आबा," ती म्हणाली, "आई गेल्या."

मी स्टुलावरून उतरलो. गज तसाच भट्टीत उभा राहिला. मुलगा दवाखान्यात हिच्याजवळ होता. मी आदल्या संध्याकाळीच घरी आलो होतो, कारण वाळवणीच्या पेटीत लोकांचा ओला मका होता आणि हीच म्हणाली होती, "मका टाकून माझ्या उशाशी काय बसता? जा तुम्ही. मी कुठं पळून चालले आहे?"

हात धुतले की नाही ते आठवत नाही. शेडचं दार मात्र ओढून घेतलं होतं. भट्टी आत तशीच भरलेली, तापलेली राहिली.

तिला पोचवून आलो. मग माणसं येत राहिली. मुलगा ट्रकवर आहे, त्याला फार राहता आलं नाही. हिची पाठची बहीण राहिली. सगळे तिला धाकटी म्हणतात, केस पांढरे झाले तरी धाकटीच. घरात मी, सून आणि धाकटी.

मला बसवत नव्हतं. लोक समोरच्या खोलीत बसलेले असायचे आणि मी पाणी आणायला म्हणून उठायचो. मागच्या दारी जायचो, पिंपाचं झाकण उघडायचो, पुन्हा लावायचो आणि हात हलवत परत यायचो. मग आठवायचं की पाणी राहिलं. पुन्हा उठायचो.

"दाजी, पायाला भिंगरी लागली आहे का तुमच्या?" धाकटी म्हणायची. "जरा टेका की."

टेकलो की हात चाळवायचे. उशीच्या अभ्र्याचा दोरा ओढत बसायचो. तोही तिनं एकदा हातातून काढून घेतला. "अख्खा अभ्रा उसवाल. द्या इकडं."

बाहेर झाकोळ होता. धड पाऊस नाही आणि धड उघडीप नाही. सकाळी जरा उजळायचं, लोक ताडपत्र्या काढायचे आणि तासाभरात रिपरिप सुरू व्हायची. अख्ख्या गल्लीचा मका घराघरात पडला होता. ओटीवर, पलंगाखाली, जिन्याच्या पायऱ्यांवर. पावसाळी दिवसांत तारेवरची वीजही रोज जायची, आणि आमचं यंत्र बंद म्हणून संध्याकाळी गल्लीभर मेणबत्त्या.

आमचं यंत्र तसं काही मोठं नाही. भट्टीत बुरकुंडं धुमसतात, धड पेटू द्यायची नाहीत. त्यातून जो वायू निघतो तो नळीतून गार होत, भुशाच्या गाळणीतून इंजिनात जातो. इंजिन डायनॅमो फिरवतं, डायनॅमो पंखा चालवतो आणि गल्लीतले दिवे लावतो. इंजिनाची जी ऊब फुकट जायची ती आम्ही पंख्यापुढं घेतली आहे. तो गरम वारा पेटीच्या जाळीखालून मक्यात शिरतो आणि वरनं ओला होऊन बाहेर पडतो. लोकांनी मका आणायचा, वाळवून न्यायचा आणि मोबदला म्हणून आपली बुरकुंडं इथंच टाकून जायची. असं ठरलेलं.

लोक यायचे, डोळे पुसायचे, हिच्या हाताची आठवण काढायचे आणि बोलता बोलता त्यांची नजर खिडकीतून शेडकडे जायची. मला दिसायचं. त्यांचंही चुकत नव्हतं.

समोरच्या घरात राहतो त्याला आम्ही वकील म्हणतो. कोर्टाची पायरी त्यानं कधी चढली नाही, पण कोणी आज सोमवार म्हटलं तरी तो पुरावा मागतो. तो एका दुपारी आला, बराच वेळ गुडघे चोळत बसला.

"घाई नाही," तो म्हणाला.

"कसली?"

"तेच म्हणतो मी, कसलीच नाही. तुझ्यावर एवढा प्रसंग, तिथं मक्याचं काय घेऊन बसायचं." पुन्हा गुडघे चोळले. "पण ढिगात हात घातला तर ऊन लागतंय रे. म्हणून आपलं कानावर घातलं."

मी त्याच्याबरोबर गेलो. त्याच्या ओटीवरच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत ताप आलेल्या माणसाच्या काखेसारखं गरम होतं. मूठभर दाणे बाहेर काढले. आंबूस वास आला. काही दाण्यांच्या टोकाला पांढरं टिपूस दिसत होतं. मोड यायला लागले होते.

"उद्या सुरू करतो," मी म्हणालो.

"मी काही म्हटलं का?" वकील म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेडचं दार उघडलं. गज भट्टीत तसाच उभा होता. आतली बुरकुंडं अर्धी कोळसा, अर्धी तपकिरी, एकमेकांना चिकटलेली. मी हँडल लावलं आणि इंजिन फिरवायला गेलो. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला. एक पाय इंजिनाखालच्या दगडाला टेकवून ओढलं, तर हँडल निसटलं आणि मी पाठीवर पडलो. कोणी पाहिलं नव्हतं. उठून पुन्हा लावलं. पुन्हा फिरेना.

मिस्त्रीला बोलावलं. तो सायकलवरून पाने-पकडींची पिशवी घेऊन आला. हिच्याबद्दल दोन शब्द बोलला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि इंजिनाचं डोकं उघडलं. आत काळा चिकटा साकळला होता. काकवीसारखा, पण दगडासारखा घट्ट झालेला. दोन्ही व्हॉल्व्ह आपल्या जागी धरून बसलेले.

"हे बंद कसं केलं होतं?" त्यानं विचारलं.

मी फडक्याला हात पुसत राहिलो.

"नाही, मला कळू दे तर. वायूवर चालणारं इंजिन बंद करायची रीत आहे. आधी वायूची चावी हळूहळू फिरवून घटकाभर पेट्रोलवर पळवायचं, म्हणजे आतला चिकटा धुऊन निघतो. मग भट्टीची हवा बंद करायची, झाकण दाबायचं, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. इथं तर कोणीतरी चालत्या घोड्याचं नाक दाबलं आहे. कोणी केला हा शहाणपणा?"

सून चहाचे पेले घेऊन दाराशी आली होती.

"मी," मी म्हणालो.

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. त्यानंच मला हे यंत्र शिकवलं होतं. "तुम्ही?"

"हो. घाईत."

"बरं," तो म्हणाला आणि खाली मान घालून खरवडायला लागला. सुनेनं पेले पाटावर ठेवले. एक पेला कलंडला. तिनं तो उभा केला आणि पदराला हात पुसत निघून गेली.

दोन दिवस आम्ही खरवडत होतो. मिस्त्री व्हॉल्व्ह घासायचा आणि मी नळ्या. नळ्यांत तार घालून ओढायची, रॉकेल ओतायचं, पुन्हा तार. नखांत काळं गेलं ते साबणानं निघेना. जेवताना धाकटी माझ्या हातांकडे बघायची आणि वाटी माझ्यापुढं सरकवायची. सून त्या दोन दिवसांत माझ्यासमोर आलीच नाही म्हणायला हरकत नाही. ताट ठेवायची आणि आत जायची. रात्री भांडी घासली की लगेच तिच्या खोलीचं दार लागायचं. तिला काय बोलणार? तू केलंस पण मी नाव घेतलं नाही, असं सांगायचं? ते तर तिला माहीतच होतं.

इंजिन फिरायला लागलं. आता भट्टी. आतलं सगळं उपसून काढलं. कोपऱ्यातल्या ढिगातली बुरकुंडं टोपलीनं आणून टाकली, बुडाशी निखारे घातले आणि हाताचा पंखा फिरवायला लागलो. वायू तयार झाला की नाही ते बघायला एक तोटी आहे. तिच्या तोंडाशी पेटती चिंधी धरायची. वायू चांगला असेल तर फप् करून निळसर जाळ धरतो.

धूर आला. पांढरा, जाड, डोळ्यांत शिरणारा. चिंधी धरली तर विझली. पुन्हा पेटवून धरली, पुन्हा विझली.

"ओली आहेत," मिस्त्री म्हणाला.

मला ते टोपली उचलतानाच कळलं होतं. कोपऱ्यातला तो ढीग लोकांनी आणून टाकलेला, दमट. वाळलेलं बुरकुंड एकमेकावर आपटलं की टक्क वाजतं. हे वाजतच नव्हतं, नुसतं चेपत होतं.

बुरकुंडं वाळवायचं काम हिचं. पेटीतून जो ओलसर गरम वारा वर जातो तो माळ्यावरून बाहेर पडतो. तिनं माळ्यावर कांबी अंथरून घेतल्या होत्या आणि बुरकुंडं तिथं पसरायची. एक मका वाळला की पुढच्यासाठीची बुरकुंडंही वाळलेली. शेडमध्ये बसून ती प्रत्येक बुरकुंड हातानं मोडायची. अंगठा टेकवायचा आणि कट्ट. अख्खं टाकलं तर भट्टीत आडवं पडतं, अडकतं, मधे पोकळी होते. मी म्हणायचो, कोयत्यानं तोड की. ती म्हणायची, "तुमच्या कोयत्यानं भुगा होतो. भुगा खाली बसतो आणि मग तुमची भट्टी खोकते." दिवसभर कट्ट कट्ट चालायचं. आलेल्या बायांशी बोलतानाही हात थांबायचे नाहीत. कोणाची सून कशी, कोणाचा जावई कसा, सगळं त्या कट्ट कट्टवर.

दवाखान्यात जायच्या आधी तिनं माळ्यावरची सगळी वाळलेली बुरकुंडं पोत्यांत भरून ठेवली होती. पोत्यांची तोंडं जुन्या निळ्या चादरीच्या चिंध्यांनी बांधलेली. ती पोती वर होती. खालून दिसायची. शेडमध्ये कोणीही आलं की त्याला ती दिसत.

मिस्त्रीनं वर बघितलं. "ती आहेत की."

"ती नाही," मी म्हणालो.

"का? वाळलेली नाहीत?"

"ती राहू देत."

मिस्त्रीनं पकड पिशवीत टाकली. "तुमची भट्टी," तो म्हणाला. "पण ही ओली घालून इंजिन चालवू नका. दोन दिवसांत परत तेच. मला बोलवाल तर मी येईन, पण शिव्या देत येईन."

मग मी कोरडं जळण शोधत फिरलो. घरोघर विचारलं. कोणाकडे थोड्या काटक्या, कोणाकडे खोकी. सगळ्यांचं दमट. गावाबाहेर वीटभट्टी आहे. तिथं लाकडाचे ओंडके शेडमध्ये रचलेले असतात. मी गेलो. मालक मुकादमाशी बोलत होता. त्यानं मला पाहिलं आणि बोलत राहिला. मी तिथंच एका पायावरून दुसऱ्या पायावर करत उभा. बसायला कोणी सांगितलं नाही आणि निघून जावं तर मक्याचा वास नाकातून जाईना.

बऱ्याच वेळानं तो वळला. "अरे, इंजिनवाले! तुम्ही आमच्याकडे? तुमच्याकडे तर वाऱ्यावर दिवे लागतात म्हणे."

मुकादम हसला. मीही हसलो.

"थोडी सुकी लाकडं हवी होती."

"घ्या की. ओंडके नको, ते मला लागतात. तो तिकडचा चुरा-तुकड्यांचा ढीग आहे ना, तो न्या. नाहीतरी टाकायचाच होता."

हातगाडी भरून आणली. तुकडे कसले, चांगले मांडीएवढे बुंधे होते. भट्टीला मुठीएवढं लागतं. मी शेडपुढं बसून फोडायला लागलो. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. चिंधी गुंडाळून फोडत राहिलो. एवढं मात्र खरं, की कुऱ्हाड हातात असेपर्यंत बरं वाटायचं. थांबलो की पुन्हा तेच. उठावं, कुठं तरी जावं, आणि जायला जागा नाही.

धाकटी येऊन उंबऱ्यावर बसली. "दाजी, एक विचारू?"

"विचार."

"ताईनं ती पोती कशाला भरली होती? आरती ओवाळायला?"

मी कुऱ्हाड घातली. तुकडा उडून तिच्या पायाशी पडला. तिनं तो उचलून ढिगावर टाकला.

"मला नाही का वाटत? माझी बहीण होती ती. लहानपणी माझी वेणी घालायची, ओढून ओढून. पण म्हणून मी तिचा कंगवा कपाटात ठेवून केस पिंजारून फिरते का?"

"तू आत जा."

"जाते. मला कुठं इथं गार वाऱ्यात बसायची हौस आहे."

त्या लाकडावर भट्टी पेटली, तोटीला जाळही आला, पण पिवळा आणि फडफडता. इंजिन सुरू झालं. गल्लीतली माणसं दारात आली. दिवे लागले, मंद, मग जरा उजळ, मग पुन्हा मंद. दिव्यांबरोबर लोकांचे चेहरेही वरखाली होत होते. वकिलानं मक्याचं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं आणि निम्म्या रस्त्यात थांबला, कारण इंजिन खोकायला लागलं होतं. मी चावी फिरवली, हवा वाढवली, कमी केली, गज खुपसला. लाकडाचे तुकडे एकमेकांत अडकले होते. वर धूर, खाली पोकळी. इंजिन बंद पडायच्या आत मी पेट्रोलवर घेतलं, धुऊन काढलं आणि रीतसर थांबवलं.

"पेट्रोलवरच का नाही चालवत?" वकिलानं विचारलं.

"तुझा सगळा मका विक आणि पेट्रोल आण. मग वाळवू काय, ते सांग."

तो हसला नाही. पोतं घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात टेम्पो उभा होता. तालुक्याला मोठी गिरणी आहे, तिथं वाळवून देतात. पण तिथं ट्रॅक्टरांची रांग असते आणि मोड आलेला माल ते बाजूला काढतात. सगळ्यांना माहीत होतं. तरी वकील भरत होता. त्याची बायको घमेल्यानं पोत्यात ओतत होती आणि दाणे घमेल्याला चिकटत होते. ती बोटांनी खरवडून काढत होती.

मी दारात उभा होतो. "थांब ना जरा," मी म्हणालो. "आज होईल."

"तू त्या दिवशी पण उद्या म्हणाला होतास." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "हे बघ, तुझ्यावर राग नाही. कोणाचाच नाही. पण मका काही सुतक पाळत नाही, तो उगवतो. माझ्या घरात उगवतोय. पलंगाखाली शेत झालंय माझ्या."

त्याच्या शेजारचाही पोती बाहेर काढत होता. पलीकडची म्हातारी ओटीवर उभी राहून टेम्पोवाल्याला विचारत होती, जागा उरेल का.

मी वळलो तेव्हा शेडमधून काहीतरी पडल्याचा आवाज आला. धप्प. आणि मागोमाग खळखळ.

आत गेलो. सून माळ्यावर होती. पदर खोचलेला, केसांना कोळिष्टकं. एक पोतं खाली पडलं होतं. दुसरं तिनं कडेपर्यंत ओढत आणलं होतं.

"खाली उतर," मी ओरडलो. तिच्यावर मी कधी ओरडलो नव्हतो.

ती थांबली, पण उतरली नाही.

"उतर म्हटलं ना! कोणी सांगितलं तुला? त्याला हात लावायचा नाही."

"आबा," ती म्हणाली. पोतं तिनं सोडलं नव्हतं. "बंद मी केलं होतं. तुम्ही मिस्त्रीपुढं तुमचं नाव घेतलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस तुम्ही ते खरवडत होता आणि मी आत बसून ऐकत होते. तेव्हा मला सांगता आलं असतं, तर सांगितलं नाही. आता गल्लीचा मका सडला तर तोही माझ्यामुळंच."

"तुझ्यामुळं काही नाही. तू काय करणार होतीस? मला ऐकू येत नव्हतं."

"ते खरं. पण बंद मी केलं ना? मग चालूही मीच करणार. तुम्हाला नको असेल तर शिडी काढून घ्या. मी वरच बसते."

धाकटी माझ्या मागं येऊन उभी होती. "काढा की शिडी," ती म्हणाली. "जेवण वर फेकू तिला."

मला हसू आलं. नको तेव्हा आलं. आणि मग ते हसू राहिलं नाही. मी पडलेल्या पोत्यावरच बसलो. खालची बुरकुंडं करकरली. बऱ्याच दिवसांनी मी एका जागी बसलो होतो.

सून वर गुडघ्यांवर बसून होती. बाहेर टेम्पोचं इंजिन सुरू झालं.

"धाकटे," मी म्हणालो, "त्या वकिलाला सांग, घटकाभर थांब. पटत नसेल तर टेम्पोच्या चाकाखाली आडवी हो."

"मी कशाला आडवी होऊ? माझ्या कमरेत उसण आहे," असं म्हणत ती गेली, आणि रस्त्यावरून तिचा आवाज आला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

मी पोत्याची गाठ सोडली. हिची गाठ एका ओढीत सुटायची. निळी चिंधी हातात आली, ती मी खिशात घातली. आत हात घातला. सगळी बुरकुंडं एका मापाची, मोडलेली, हलकी. दोन घेऊन आपटली. टक्क. मोडलेल्या कडा हाताला टोचत होत्या. एवढी मोडताना तिच्या अंगठ्याला घट्टे पडले होते. दवाखान्यात नर्स तिला म्हणाली होती, मावशी, तुमचं बोट सुईला दाद देत नाही.

पहिली टोपली मी भरली. सून माळ्यावरून उतरली, तिनं ती वाकून घेतली आणि स्टुलावर चढून भट्टीत ओतली. बुरकुंडं खळखळत सरळ बुडापर्यंत गेली, एकही अडकलं नाही. मी निखारे घातले. हाताचा पंखा तिनं फिरवला. मी सांगत गेलो, हळू, आता जरा जोरात, दोन्ही दारं उघडी ठेव, हा वायू वास न येता माणसाला आडवं करतो. धूर पांढरा आला, मग विरळ झाला, मग दिसेनासा झाला. मी चिंधी पेटवून तिच्या हातात दिली. तिनं तोंड फिरवून, हात लांब करून तोटीशी धरली. फप् झालं. ती दचकली, पण हात मागं घेतला नाही. निळा जाळ स्थिर उभा राहिला.

"हँडल मी मारतो," मी म्हणालो. "ते निसटतं."

इंजिनानं पहिल्या फेरीतच धरलं. आवाज एकसारखा होता. पंख्याचा वारा पेटीखाली घोंघावला. वरचा दिवा लागला आणि तसाच राहिला. मी त्याच्याकडे बघत होतो. तो हलला नाही.

वकील दारात आला. दिव्याकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं, सुनेच्या काळ्या तोंडाकडे बघितलं.

"टेम्पोवाल्यानं हेलपाट्याचं काय म्हणून विचारलं," तो म्हणाला.

"त्याला पुरावा माग," धाकटी त्याच्या पाठीमागून म्हणाली.

त्यानं खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि पहिलं पोतं आणायला गेला.

त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस भट्टी चालू राहिली. मका पेटीत पडायचा, उलथायचा, हातात घेऊन दाताखाली फोडून बघायचा. मोड आलेला सगळा वाचला नाही. वकिलाचा बराचसा कोंबड्यांना गेला. म्हातारीचा चांगला निघाला. वारा मक्यातून वर माळ्यावर जायचा आणि रिकाम्या कांबींमधून बाहेर पडायचा. पोती एकेक करून खाली येत होती. शेवटचं कधी उघडलं ते मला कळलं नाही. सुनेनंच ओतलं असणार. मी पेटीतला मका उलथत होतो. वर बघितलं तर माळा मोकळा होता.

शेवटचा मका निघाला तेव्हा इंजिन बंद करायचं होतं. मी बाजूला उभा राहिलो. तिनं वायूची चावी हळूहळू फिरवली, पेट्रोलची उघडली. इंजिनाचा आवाज बदलला. ती कान देऊन ऐकत उभी होती.

"आता?" तिनं विचारलं. मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. मी मान हलवली, अजून नाही. थोड्या वेळानं हात खाली केला. तिनं भट्टीची हवा बंद केली, झाकण दाबलं, आणि मग लाल बटण.

शांत झालं. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

धाकटी परवा तिच्या घरी गेली. जाताना म्हणाली, "दाजी, बसायला शिका." मी हो म्हटलं. अजून जमत नाही. सकाळी उठतो, शेडमध्ये जातो, गाळणीतला भुसा बदलतो, नळ्यांना तार घालतो, घालायची गरज नसली तरी. निळ्या चिंध्या सगळ्या जपल्या आहेत, खिळ्याला अडकवून. उन्हाळी मका निघेल तेव्हा वाळलेलं जळण लागेल. लोकांनी टाकलेली या वर्षीची बुरकुंडं कोपऱ्यात छातीएवढी पडली आहेत. काल मी एक हातात घेतलं, अंगठा टेकवला. मोडलं, पण तिसऱ्या खेपेला, आणि वेडंवाकडं. सून पलीकडे बसली होती. तिनंही एक उचललं, बघितलं आणि खाली ठेवलं.

ती सगळी मोडून माळ्यावर पसरायची अजून राहिली आहेत.